सड्यावरची रांगोळी

मैत्रिणींनो, संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की आम्हा मालवणकडच्या बायकांच्या बोलण्यात सुट्टीतल्या सहलीचे बेत शिरतात. यंदा आमच्या वाडीत राजस्थानचा जोर आहे. कुणाची जाऊ जैसलमेरला जाऊन आली आहे, कुणाची बहीण जाणार आहे. तिथे जैसलमेरजवळ आकल नावाच्या गावी एक उद्यान आहे म्हणे. उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गुलाब येतात. पण इथे उघड्या वाळवंटात झाडांचे ओंडके दगड होऊन पडलेले आहेत, तेही सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे. फोटो पाहून आम्ही सगळ्याच थक्क झालो. आणि मग कुणीतरी नेहमीचं वाक्य बोललंच, “नाहीतर आपल्याकडे बघा, नुसता कातळ!”

आज मला या ‘नुसता’ शब्दाबद्दलच बोलायचं आहे.

आमचं कोकण म्हटलं की तुम्हाला माड-पोफळी, समुद्र आणि हिरवे डोंगर आठवतात. ते खोटं नाही. पण घाटी चढून गावाच्या माथ्यावर या, म्हणजे वेगळंच जग दिसतं. मैलभर पसरलेलं सपाट, काळपट तांबडं, उघडंबोडकं मैदान. झाड औषधालाही नाही. असलीच तर करवंदीची जाळी नाहीतर वाऱ्याने वाकलेली एखादी चार. याला आम्ही सडा म्हणतो. रोज सकाळी अंगणात घालतो तो सडा वेगळा, हा वेगळा बरं का! जैसलमेरला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा आमच्याकडे जुलैच्या एका चांगल्या आठवड्यात पडून जातो. तरीही फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावर उभं राहिलं तर आपण वाळवंटातच आलो की काय असं वाटावं, इतका तो रखरखीत असतो.

मालवणला येणारा पाहुणा सिंधुदुर्ग किल्ला पाहतो, समुद्राकाठचं रॉक गार्डन पाहतो, मासे खातो आणि परत जातो. सड्यावर त्याला कुणी नेत नाही. आपणही आपल्या मुलांना नेत नाही. माझं ऐकाल, तर यंदा लांबच्या सहलीचे पैसे जमोत वा न जमोत, एका सकाळी सहकुटुंब सड्यावर जाऊन या. ती सुद्धा एकदा नव्हे, दोनदा. एकदा आत्ता, थंडी सरायच्या आत. आणि एकदा पावसाळ्यात. कारण सडा दोन निरनिराळ्या जागा असल्यासारखा या दोन ऋतूंत दिसतो.

आधी या दगडाची ओळख करून घेऊ. हा आपला जांभा. घर बांधायला जे चिरे आणतो ते याचेच. आमच्याकडे विहिरीचं बांधकाम, गडगे, तुळशीवृंदावन, देवळाची दीपमाळ सगळं चिऱ्याचं. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजी नोकरीतल्या डॉक्टरने केरळात अंगाडीपुरमला हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ असं नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. तिथले लोक जमिनीतून विटांसारखे ठोकळे कापून काढत, ते पाहून त्याला हे नाव सुचलं. जमिनीत असताना हा दगड त्या मानाने मऊ असतो, आणि कापून उन्हावाऱ्यात ठेवला की टणक होतो. पापड लाटताना मऊ आणि वाळल्यावर कडक, तसंच काहीसं.

तो तयार कसा झाला हेही मुलांना स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगता येतं. चहा गाळल्यावर रस खाली जातो आणि गाळणीत चोथा उरतो ना? तसाच लाखो वर्षं पडलेल्या उष्ण प्रदेशातल्या पावसाने मूळ खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे उरलं. जुना तवा पावसात राहिला तर तांबूस होतो, तोच रंग जांभ्याचा. कारणही तेच, लोखंडाचा गंज. म्हणून जांभा जवळून पाहिला तर त्यात नळ्या, भोकं, खळगे दिसतात. सड्यावर कुठे हा दगड मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो, कुठे वितळून थिजल्यासारखा, तर कुठे शेणाने सारवल्याइतका सपाट. मुलांना मोकळं सोडा, ती स्वतःच दगडांत हत्ती, कासव आणि मगरी शोधून काढतील.

आता रांगोळीबद्दल. आमच्या मालवण तालुक्यात कुडोपी नावाचं गाव आहे. तिथल्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रं आहेत. गावात त्या जागेला बाहुल्यांचं टेंब म्हणतात. गावकऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. सतीश लळीत यांनी २०१२ साली ती अभ्यासकांच्या नजरेला आणली. माणसं, प्राणी, मासे आणि काही नुसत्याच गुंतागुंतीच्या आकृत्या. त्यांत स्त्रीरूपासारखी वाटणारी एक मोठी आकृती आहे, आणि तिचा संबंध मातृदेवतेशी लावला जातो. पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून, लोकांना विचारून अशी शेकडो चित्रं शोधली. राजापूर तालुक्यात कशेळीला एक हत्ती आहे, तो सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. आपलं अख्खं घर त्याच्या पोटात बसेल! त्याच्या आत आणखी कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत. कोकणात आज ज्यांचा मागमूस नाही असे गेंड्यासारखे प्राणीसुद्धा या चित्रांत दिसतात.

ही चित्रं काही हजार वर्षं जुनी आहेत. नेमकी किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या अशा नऊ जागांची नोंद झाली. सात रत्नागिरीच्या, एक गोव्याची आणि एक आमची कुडोपी.

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथल्या सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही शिक्षिका एकदा अशी चित्रं पाहायला गेलो होतो. एक मुलगी बराच वेळ वाकून पाहत होती. मग म्हणाली, “बाई, ही रांगोळी पुसली कशी नाही?” मला तो प्रश्न फार आवडला. आपण रोज सकाळी दारात काढतो ती संध्याकाळपर्यंत पायाखाली जाते, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतो. घर आहे, माणसं आहेत, हे सांगायची ती आपली रीत. सड्यावर ज्या कुणी या रेघा कोरल्या त्यांनीही तेच सांगितलं असेल, नाही का? “आम्ही इथे होतो.” मग ती जागा ‘नुसता कातळ’ कशी?

तुम्ही म्हणाल, चित्रं झाली, दगड झाला. पण आमच्या संसाराशी सड्याचा काय संबंध? आमच्या सासूबाईही आधी हेच म्हणाल्या, “सड्यार काय आसा बघूक? दगड नि काटे!” पण जरा वेळाने त्याच सांगू लागल्या. लहानपणी सड्यावर गवत कापायला जायच्या, कडेच्या वरकस जमिनीत नाचणी व्हायची, तापलेल्या कातळावर आमसुलं आणि सांडगे दोन दिवसांत खडखडीत वाळायचे. आणि शेवटी एक वाक्य बोलल्या, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. “पावसाचा पाणी सडो पिता, नि उनाळ्यात आमका परत दिता.”

भूगोलाच्या पुस्तकात पानभर लिहिलेलं असतं ते एवढंच. जांभा सच्छिद्र असतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला काही वाहून जातो, काही सड्याच्या भोकांतून आणि भेगांतून आत मुरतो. खाली चिकणमातीचा थर लागला की ते पाणी तिथे अडतं आणि हळूहळू उतारावरच्या झऱ्यांतून, व्हाळांतून, आपल्या विहिरींतून बाहेर येतं. म्हणजे माथ्यावरचा सडा कोरडा दिसतो, कारण त्याने पाणी पोटात ठेवलेलं असतं. गाव सड्याच्या पायथ्याशी वसलं आणि विहीर तिथेच खोदली, हे आपल्या पूर्वजांनी उगीच केलं नाही. आमच्या तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० साली बांधला गेला. २०२० साली त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. डोंगरावरून येणारं पाणी अडवून वापरायची अक्कल आपल्याकडे किती जुनी आहे, ते यावरून कळतं.

आता हाच सडा कागदावर पाहा. सातबाऱ्यावर तो बहुधा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. सरकारी पडीक जमिनीच्या नकाशातही उघडा कातळ पडीकच. पडीक म्हटलं की ते विकायला कुणाचा हात आखडत नाही. कुठे चिऱ्याची खाण निघते, कुठे यंत्र लावून कातळ फोडून वर माती टाकून बाग होते, कुठे प्लॉट पडतात. खाणीवर आमच्याच माणसांची पोटं आहेत, चिरा आम्हा सगळ्यांनाच लागतो आणि आंबा-काजूवर घरं चालतात. तेव्हा सगळंच बंद करा असं मी म्हणत नाही. पण माथ्यावर काय होतं त्याचा हिशेब पायथ्याच्या विहिरीत लागतो. आणि विहीर आटली तर कळशी घेऊन लांब कोण जातं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून या सदरात आज एक व्यवहाराची गोष्ट सांगते. कोकणातले सडे बहुतेक सामाईक असतात. सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, आणि त्यांत लग्न होऊन गेलेल्या लेकींचीही. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. २००५ साली तो देशभर लागू झाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो असं स्पष्ट केलं. त्यामुळे एक दिवस माहेरून भाऊ येतो. येताना आंबे आणतो, चौकशी करतो, आणि निघताना कागद पुढे करतो, “ताई, इथे एक सही कर. वरचा सडा आहे, नुसता कातळ. कुणाच्या उपयोगाचा नाही.”

भावाशी भांडा असं मी मुळीच सांगणार नाही. माहेर तुटायला वेळ लागत नाही, जोडायला जन्म लागतो. पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारायला काय हरकत आहे? कागद हक्कसोडपत्र आहे, कुलमुखत्यारपत्र आहे की विक्रीचा? गट नंबर कोणता, आणि त्याच्या खाली कोणत्या वाडीची विहीर किंवा झरा आहे? घेणारा तिथे काय करणार आहे? सातबारा आता महाभूलेखवर घरबसल्या पाहता येतो. मुलांना सांगा, ती मोबाईलवर काढून देतील. कागदाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा आणि न समजलेल्या कागदावर सही करू नका. आणि भावाला गोडीत म्हणा, “दादा, सही करीन की, पण आधी एकदा मला तो सडा दाखवून आण. वहिनीलाही बरोबर घे.” एवढ्याने काही नातं बिघडत नाही. उलट वहिनीही तोवर तिथे गेलेली नसते, असंच बहुधा आढळेल! सगळं पाहून, समजून मग विकायचं ठरलं तर तो तुमचा निर्णय. पण तो न पाहता झालेला नसावा.

निघण्यापूर्वी

आता सहलीच्या तयारीचं बघू. सड्यावर सावली नाही, हे पहिलं लक्षात ठेवा. पहाटे उठून सातच्या आत पोचायचं आणि दहा-साडेदहाला परत फिरायचं. लवकर जाण्यात आणखी एक फायदा आहे. कोरलेल्या रेघा उथळ असतात. डोक्यावरच्या उन्हात त्या दिसतच नाहीत, सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र सावली धरून उठून दिसतात. माणशी दोन लिटर पाणी घ्या. शिवाय कोकम सरबतात मीठ-जिरं घालून एक बाटली न्या, उन्हाच्या त्रासावर उत्तम. खायला घावणे किंवा भाकरी, पण ओल्या खोबऱ्याची चटणी नको, उन्हात ती आंबते. सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, चिमूटभर चिंच आणि मीठ अशी कोरडी चटणी दोन दिवस टिकते. केळी आणि शेंगदाण्याचे लाडू मुलांना पुरतात.

पायांत चांगल्या तळव्याचे बूट हवेत. जांभ्याच्या कडा चपलेतून टोचतात. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा. साडीच नेसायची तर घोट्याच्या वर खोचून घ्या. डोक्याला रुमाल सगळ्यांना, यजमानांनासुद्धा!

सड्यावर फुरसं असतं, हे कोकणातल्या वाचकांना ठाऊकच आहे. दगड उलटू नका, भोकांत किंवा जाळीत हात घालू नका, पाऊल टाकताना खाली बघा. चुकून कुणाला दंश झालाच तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काहीही न करता, चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट दवाखान्यात न्या. उतारा इंजेक्शनातच आहे, मंत्रात नाही. मार्चनंतर गेलात आणि टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली, तर तिथून बाजूला व्हा. ती उघड्या कातळावर, चार खड्यांच्या आडोशाला अंडी घालते आणि ती अगदी खड्यांसारखीच दिसतात. आई ओरडते आहे, एवढं आपल्याला कळायला हवं.

चित्रांवर पाय देऊ नका, कडेने फिरा. फोटोत ठळक दिसावीत म्हणून काही लोक रेघांत खडू भरतात, रांगोळी टाकतात. आपल्या हाताला रांगोळीचा सराव असला तरी इथे तो आवरायचा. अमेरिकेत युटा प्रांतात दगडी कमानींचं एक प्रसिद्ध उद्यान आहे. तिथल्या वाळवंटातल्या जमिनीवर सूक्ष्म जीवांची काळपट साय धरते आणि ती तुडवली तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून तिथे पाहुण्यांना वाटेने किंवा दगडावरूनच चाला असं सांगतात. आपल्या सड्याला पाटी नाही आणि रखवालदारही नाही. तेव्हा ती शिस्त मुलांना आपणच लावायची. जमीन कुणाच्या तरी मालकीची असते, म्हणून गावात विचारून जा. विचारलंत तर वाट दाखवायला कुणीतरी बरोबरही येतं. मुलांच्या हाती मोबाईल न देता वही-पेन्सिल द्या आणि एकेक चित्र काढायला सांगा. काढताना त्यांना जे दिसेल ते फोटोत दिसत नाही.

दुसरी फेरी पावसाळ्यात, गौरी-गणपतीच्या सुमाराला करा. तेव्हा ओळखू येणार नाही असा सडा असतो. जिथे पाय भाजत होते तिथे बोटभर पाण्याची डबकी, आणि त्यांच्या कडेने निळीजांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळा कवळा. सीतेच्या आसवांची गंमत मुलांना सांगा. कातळावरच्या चिमूटभर मातीत पोषण नसतं, म्हणून ही झाडं पाण्यातले बारीक जीव पकडून खातात. त्याही आधी, पहिल्या पावसाबरोबर, दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ती फक्त कोकणातच होतात. फुलं तोडून पूजेला आणू नका, ती तिथेच शोभतात. चालताना मातीवरून न जाता उघड्या दगडावरून चाला, पण शेवाळ सांभाळा. ढग गडगडू लागले तर एक क्षणही न थांबता खाली उतरा. सड्यावर आपणच सगळ्यांत उंच असतो आणि वीज उंच वस्तू शोधते.

उतरताना वाटेतल्या झऱ्यावर थांबा. मुलांना ओंजळभर पाणी घ्यायला लावा आणि विचारा, हे कुठून आलं? त्यांनी वर बोट दाखवलं की सहलीचं काम झालं.

तुमच्या गावच्या सड्याला, माळाला किंवा पठाराला काय म्हणतात, तिथे काय होतं आणि आता काय उरलं आहे, ते मला जरूर लिहा. सासूबाईंना, आजीला विचारून लिहा. त्या आधी “काय आसा थंय?” म्हणतील. तुम्ही जरा थांबा. मग त्या सांगू लागतात.